डुकरांच्या हगवणीची 'लस', २३,६४० रुपये पाण्यात

अमळनेर-पारोळ्याकडचे जे कोणी वराहपालन करतात त्यांनी हे वाचाच, बाईकवर निळी पेटी बांधून एक 'डॉक्टर' फिरतोय.

मे महिना, ४४ डिग्री, नुकत्याच व्यायलेल्या माद्या आणि पिल्लांना पाण्यासारखी पिवळी हगवण, प्यायलेलं दूध ओकायची, आठवड्याच्या आतली पटापट जात होती. सरकारी दवाखान्यात फोन केला तर साहेब कॅम्पला. अशा वेळी दारात आलेल्या माणसाला कोण हाकलतं भो?

मला म्हणे नाना, हा पीईडी (डुकरांच्या हगवणीचा व्हायरल रोग), डुकरांचा कोरोना. (हे मात्र खरं, तो व्हायरस कोरोनाच्याच जातीचा.) पट्टी टेस्ट ६५० ला एक, सहा मारल्या, ३,९००. आणि इथंच खटकायला पाहिजे होतं, इथंच! सगळ्या पट्ट्यांवर एकच रेष, ती पण सी समोर. अहो कोरोनात अख्ख्या गावाने ह्याच पट्ट्या बघितल्यात, सी ची रेष म्हणजे पट्टी चांगली आहे एवढंच, टी ला आली तर पॉझिटिव्ह. हा म्हणतो डुकरांमध्ये उलटं असतं! मिसेस बोलली पण, तेवढ्यात शेडमधून अजून एक पिल्लू गेल्याची हाक आली आणि विषय तिथंच राहिला.

मग लस, ३८ डोस ४८० ने, १८,२४०. वर व्हिजिट १,५००. हगणाऱ्या पिल्लांनाही टोचली. अरे ही लस गाभण मादीला देतात, व्यायच्या काही आठवडे आधी, म्हणजे चिकातून-दुधातून पिल्लाला ताकद मिळते. नंतर बाटलीचं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली लासोटा, कोंबड्यांच्या रानीखेत रोगाची लस! पेटीत बर्फ नव्हताच, जेवणाचा डबा होता.

पोलीस स्टेशनला हसले, डुकरांची कंप्लेंट? बिल आणा म्हणे. चोर बिल देतो का? औषधवाल्या ऑफिसने पशुसंवर्धनकडे पाठवलं, त्यांनी परत तिकडेच. १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) वाले म्हणतात पैसे तुम्हीच पाठवले ना. मेलेल्या पिल्लाचं आतडं बर्फात घालून पीसीआर टेस्टसाठी लॅबला नेलं तर बाबू म्हणतो आज शुक्रवार, सोमवारी या. गाय असती तर पळत आले असते!

बॅच नंबर आणि एक्सपायरी बघितल्याशिवाय सुई लावू देऊ नका. अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, पिल्लांना ऊब आणि इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या. परक्याचे बूट शेडमध्ये नकोत, हा तर फार्म टू फार्म हिंडतो, रोग तोच वाटत असेल.

नंबर अजून चालू आहे त्याचा. परवा लावला तर म्हणतो, "नाना, बूस्टर बाकी आहे, ५०० टाका."