गोळी चौदा महिने, आणि झोप उडवणारा एक रिपोर्ट

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा गर्भनिरोधक गोळी सुरू केली. 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या, अशी 28 ची पट्टी. आत लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेन). सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्येही हीच दोन हार्मोन्स असतात.

पहिले दोन महिने हिंजवडीच्या बसमध्ये मळमळायचं. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले आणि ते थांबलं. अधूनमधून दिसणारे डाग तिसऱ्या पट्टीपर्यंत गेले. वजन होतं तिथेच आहे.

खरा घोळ अंडाशयांवरून झाला. कंपनीच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजात, मी न मागता, एएमएच होतं, म्हणजे अंडाशयात अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आकडा आला 1.6, मला तो कमी वाटला. मी 33 ची. रात्रभर मोबाइलवर नको ते वाचलं. त्यात आत्याबाई म्हणाल्या, "मी सांगतच होते, गोळीने अंडाशय सुकतात." उलट ऑफिसातली मैत्रीण म्हणे, अंडी बाहेरच पडत नाहीत म्हणजे शिल्लक राहतात, चांगलंच की!

कोथरूडच्या डॉक्टरबाईंनी दोघींनाही खोडून काढलं. गोळी मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला गप्प करते. तिचं एफएसएच हे हार्मोन कमी पडलं की कुठलंच फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, पुरतं वाढत नाही, अंडं सोडायला लावणाऱ्या एलएच या हार्मोनची उसळी येत नाही, अंडं सुटत नाही. म्हणून सोनोग्राफीत अंडाशय जरा लहान दिसतात, एएमएचही खाली येतं. पण तळाशी बारीक फॉलिकल्स जिरत जाण्याचं काम गोळीला विचारून होत नाही, ते चालूच असतं. त्यामुळे शिल्लकही वाढत नाही आणि साठा लवकरही संपत नाही. "गोळीवर असताना एएमएच करायचंच कशाला?" असं म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला. माझ्याच हट्टाने तीन महिने गोळी बंद ठेवून पुन्हा तपासलं: 2.3. या वेळचे पैसे माझे नसते तर हसले असते.

दुसरी गोष्ट मला आधी कळायला हवी होती. मी समजत होते की पट्टीच्या मधली गोळी चुकणं सगळ्यात वाईट. तसं नाही. लोहाच्या सात दिवसांत पिट्यूटरी जागी व्हायला लागते, एखादं फॉलिकल वाढायला लागतं. नवी पट्टी दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाली तर ते पुढे जाऊन अंडं सुटू शकतं. मी एकदा गणपतीच्या गडबडीत नेमकं हेच केलं होतं. मग सात दिवस कंडोम, आणि पोटात गोळा तो वेगळाच! त्या लोहाच्या दिवसांत येतो तो रक्तस्रावसुद्धा खरी पाळी नव्हे, हार्मोन थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं, इतकंच.

अनेक वर्षं गोळी घेतलेल्या बायकांत अंडाशयाचा कर्करोग कमी आढळतो, हेही बाईंनी सांगितलं. माझे चौदा महिने त्या हिशेबात किती, हे मी विचारलं नाही.

माझ्या बहिणीला मात्र ही गोळी दिली नाही. अर्धशिशीआधी तिच्या डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं. अशा बाईला इस्ट्रोजेनने पक्षाघाताचा धोका वाढतो. तिला कॉपर-टी बसवली. त्यात हार्मोन नाही, म्हणून तिची अंडाशयं नेहमीसारखी कामावर आहेत. या महिन्यात डाव्या बाजूला दुखलं की उजव्या, तेही ती फोन करून सांगते.