द्राक्षबागेत एलएम२५९६ स्टेप-डाउन मॉड्यूल: छाटणीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात असलेल्या आमच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा आणि तापमान मोजून एसएमएसने कळवणारी एक पेटी बसवलेली आहे. पंपाच्या खोलीतील, सौर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून तिला वीज मिळते आणि मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणाऱ्या आतल्या जीएसएम मोडेमला मात्र ४ व्होल्टच्या आसपासच पुरवठा लागतो. व्होल्टेज उतरवण्याचे (स्टेप-डाउन) हे काम एलएम२५९६ चिपवर बेतलेले, बाजारात सर्रास मिळणारे छोटे निळे मॉड्यूल करते. फळासाठीच्या गोडी छाटणीच्या आधी ते बसवले आणि काढणी, त्यानंतरची एप्रिलची खरड छाटणी व त्यानंतरचा पावसाळा त्याने विनातक्रार काढला. तरीही, हे मॉड्यूल घेताना त्यावर छापलेला ३ अँपिअरचा आकडा न पाहता आउटपुटचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा घटक) पाहावा, असे माझे मत झाले आहे.

जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत जाळणारा साधा लिनियर रेग्युलेटर येथे चालला असता, पण १२ चे ४ व्होल्ट करताना तो बॅटरीतून घेतलेल्या दर ३ वॉटपैकी २ वॉट उष्णतेत घालवतो. सौर पॅनेलवर चालणाऱ्या पेटीला ही चैन परवडत नाही.

स्टेप-डाउन मॉड्यूल व्होल्टेज जाळत नाही. ते वीज तुकड्यातुकड्याने आत घेते. चिपमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो. तो चालू असताना इंडक्टरमधील, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातील, प्रवाह चढत जातो, बंद झाला की तोच प्रवाह शॉटकी डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने सोडणाऱ्या घटकातून) फिरत उतरत राहतो, आणि कपॅसिटर ही चढउतार सपाट करतो. १२ चे ४ करायचे तर ट्रान्झिस्टर ढोबळमानाने एकतृतीयांश वेळ चालू राहावा लागतो. ट्रान्झिस्टर आणि डायोडमधील घट भरून काढायला प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त. माझ्या मॉड्यूलवर ४७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आहे, त्यामुळे प्रवाहातील चढउतार सुमारे ०.३८ अँपिअर येते. तिला कपॅसिटरच्या अंतर्गत रोधाने, म्हणजे ईएसआरने, गुणले की रिपलचा, म्हणजे आउटपुट व्होल्टेजवरील बारीक लहरींचा, अंदाज मिळतो: ईएसआर ०.१ ओहम असेल तर सुमारे ३८ मिलिव्होल्ट.

हे सगळे स्थिर भाराला लागू पडते. मोडेम मात्र स्थिर भार नाही. टूजी नेटवर्कवर तो पाठवताना दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त काळ सुमारे २ अँपिअर ओढतो आणि लगेच सोडून देतो. आउटपुट घसरले की चिप ते १.२३ व्होल्टच्या संदर्भाशी ताडून ट्रान्झिस्टरचा चालू काळ वाढवते, पण इंडक्टर आणि कपॅसिटर यांची जोडी त्या दुरुस्तीला उशीर लावते. ठिबकच्या शेवटच्या ओळीतला माणूस दाब कमी झाल्याचे ओरडून सांगतो आणि विहिरीवरचा माणूस व्हॉल्व्ह फिरवतो, पण पाणी पोहोचेपर्यंत दुसरी हाक आलेली असते, तसा हा प्रकार आहे. ४७ मायक्रोहेन्री आणि २२० मायक्रोफॅरडच्या जोडीचा अनुनाद, म्हणजे स्वतःहून झुलण्याची वारंवारता, १.६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या वर फेज, म्हणजे दुरुस्तीची वेळ, १८० अंशांपर्यंत (पार उलट होईपर्यंत) मागे पडू लागते. तेवढी मागे पडली आणि लूपचा (मोजून दुरुस्त करण्याच्या या चक्राचा) गेन, म्हणजे जोर, अजून शिल्लक असला, तर दुरुस्तीच बिघाडाला हातभार लावते.

येथे ईएसआर कामाला येतो. ०.१ ओहमचा ईएसआर आणि २२० मायक्रोफॅरड मिळून साधारण ७ किलोहर्ट्झला फेज पुन्हा वर खेचू लागतात आणि लूप झुलण्यापासून सुरक्षित अंतरावर राहतो. एलएम२५९६ मध्ये लूप स्थिर ठेवणारी जुळणी (कंपनसेशन) चिपच्या आतच कायमची बसवलेली असल्याने बाहेरून आपल्या हातात एवढेच राहते. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतील एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची रेषा पडद्यावर दाखवणारे यंत्र) लावून आम्ही हे पाहिले. मूळ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असताना भार येताच रेषा खाली दबली, किंचित वर गेली आणि शांत झाली. त्याच्या जागी २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावताच तीच रेषा प्रत्येक धक्क्यानंतर बराच वेळ थरथरत राहिली. सिरॅमिकचा ईएसआर काही मिलिओहमच असतो, त्यामुळे तो मदतीला येण्याची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये जाते, जिथे तिचा काही उपयोग नाही. ‘कमी ईएसआर म्हणजे चांगला’ हे या चिपपुरते अर्धेच खरे आहे. ईएसआर फार वाढला तर रिपल वाढतो, आणि पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या पेटीत कपॅसिटर वाळत जाऊन नेमके तेच होते. म्हणून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाराच कपॅसिटर असावा.

एलएम२५९६ असे छापलेल्या सगळ्याच चिप तशा नसतात. दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या एका मॉड्यूलचे स्विचिंग १५० ऐवजी ५० किलोहर्ट्झच्या आसपास निघाले, जे जुन्या एलएम२५७६ चे लक्षण आहे. तेवढ्याच इंडक्टरवर प्रवाहाची चढउतार जवळजवळ तिप्पट होते, मग रिपलही तसाच वाढतो. वारंवारता मोजायची सोय असेल तर आधी तीच मोजावी.

इनपुटकडे लोक फारसे पाहत नाहीत. बॅटरीपासून पेटीपर्यंत २५ मीटर, १ चौरस मिलिमीटरची तार आहे, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ०.९ ओहम. मॉड्यूल ठरावीक वॉट ओढते, त्यामुळे इनपुट व्होल्टेज उतरले की त्याचा प्रवाह कमी न होता वाढतो. लांब तारेच्या इंडक्टन्सबरोबर हा उलटा स्वभाव इनपुटलाही झुलवू शकतो. मी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक थेट इनपुटच्या टोकांवर लावला आहे. त्याचा ईएसआर तेथे झोके मुरवायच्या कामी येतो.

३ अँपिअरचा दावा मला पटत नाही. १२ चे ४ व्होल्ट करताना कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ३ अँपिअरला ४ वॉट उष्णता होते, आणि एवढ्याशा बोर्डाला हीटसिंकशिवाय ती पेलत नाही. सततच्या भाराला मी दीड अँपिअरच्या पुढे जाणार नाही. बोर्डावरचा ट्रिमर (आउटपुट व्होल्टेज जुळवण्याचा फिरवता स्क्रू) त्याहून घातक आहे, कारण औषधफवारणीच्या ओलसर हवेत त्याचा संपर्क तुटला तर चिपकडे परत येणारे आउटपुटचे माप (फीडबॅक) शून्य होते आणि जवळपास पूर्ण १२ व्होल्ट मोडेमवर जातात. तो काढून १ आणि २.२ किलोओहमचे दोन स्थिर रेझिस्टर लावले की ३.९४ व्होल्ट मिळतात, आणि मोडेमला तेवढे पुरतात.

एक उणीव उरतेच. काही काम नसतानाही चिप सुमारे ५ मिलिअँपिअर खाते, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, आणि पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की बॅटरीवर ते जाणवते. चिपची ऑन-ऑफ पिन कंट्रोलरला जोडली तर हा खर्च ८० मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो, पण या मॉड्यूलवर ती पिन थेट ग्राउंडला जोडलेली असल्याने आधी तिचा टाका सोडवून ती बोर्डापासून उचलावी लागते.