बेलोमोचं दहापट भिंग: जुन्या लष्करी रायफलींवरचे ठसे वाचायला कितपत कामाचं?

बेलारूसमध्ये बनणारं बेलोमोचं २१ मिमीचं ट्रिपलेट भिंग मुळात रत्नं आणि खनिजं तपासणाऱ्यांच्या खिशातलं. पण ब्रिटिश ली-एनफिल्ड, जर्मन माउझर किंवा अमेरिकन गॅरँड रायफलींच्या सुट्या भागांवरचे ठसे वाचायलाही ते उत्तम आहे. तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्यामुळे कडेचं अक्षर वाकत नाही आणि रंगीत झालरही दिसत नाही. ३० पट, ४० पट असं छापलेल्या स्वस्त भिंगांच्या नादी लागू नये. त्यांत अक्षराचा एखादा फाटा तेवढा दिसतो, अख्खा ठसा एका नजरेत मावत नाही. हात जरा थरथरला की फोकसही जातो.

उणीव एकच, पण मोठी: याला दिवा नाही. चित्र स्वच्छ दिसतं ते सुमारे अडीच सेंटीमीटरवरून, आणि तेवढं जवळ गेलं की आपल्याच डोक्याची सावली ठशावर पडते. त्यामुळे सोबत छोटा टॉर्च हवाच, आणि तो वरून नाही, बाजूने धरायचा. पृष्ठभागाशी १०-१५ अंशांचा कोन ठेवून उजेड ठशाभोवती हळूहळू फिरवला की ज्या रेघा एका बाजूने अजिबात दिसत नाहीत त्या दुसऱ्या बाजूने उठून दिसतात. खरं सांगायचं तर भिंगाच्या दर्जापेक्षाही या तिरप्या उजेडाने जास्त फरक पडतो.

आधी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि मॅगझिन काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. मग तेलात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ठशातली घाण काढावी. तारेचा ब्रश कधीच नाही. तो जुनं फिनिश, म्हणजे धातूवरचा संरक्षक थर, नेतो आणि उथळ अक्षरांच्या कडाही बोथट करतो. जागा कोरडी झाल्यावर पांढरा खडू घासून वरचा थर फडक्याने पुसला की पांढरं फक्त खाचेत उरतं. युद्धानंतरच्या ब्रिटिश रायफलींवर फॉस्फेटच्या गंजरोधक थरावरून सनकोराइट हा काळा रंग दिलेला असतो. तो खाचा भरून टाकतो, विद्युत-लेखणीने कोरलेला ‘एफटीआर’चा (कारखान्यात झालेल्या संपूर्ण दुरुस्तीचा) मजकूर तर जवळजवळ गिळतोच. तरी रंग खरवडू नये, उजेडाचा कोन आणखी कमी करावा.

भिंगाचा खरा उपयोग कुठे होतो, ते क्रमांक ४ ली-एनफिल्डवर कळतं. एका भागावर ‘एम ४७ सी’ असतं, दुसऱ्यावर नुसतं ‘एम’. नवखा माणूस दोन्ही एकाच कारखान्याचे समजतो. युद्धकाळात ब्रिटिश कंत्राटदारांना सांकेतिक क्रमांक दिले होते आणि त्यातलं अक्षर विभाग सांगायचं: एन उत्तरेचा, एम मध्य इंग्लंडचा, एस दक्षिणेचा. एम ४७ म्हणजे बीएसए ही बर्मिंगहॅमची शस्त्रकंपनी; सुटा ‘एम’ मात्र माल्टबीच्या सरकारी कारखान्याचा. याच रायफली बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीचा चौकोनी एस आणि कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याचा पोटात बाण असलेला सी हेही नुसत्या डोळ्यांना फसवतात. झिजलेला बाण गायब होतो आणि उरतो नुसता सी. भिंगाखाली बाणाच्या टोकाची किमान एक तिरपी रेघ बहुधा सापडते.

ठसा आधीचा की फिनिश आधीचं, हेही यात दिसतं. खाचेच्या तळापर्यंत फिनिशचा निळा थर अखंड गेला असेल, तर ठसा फिनिशच्या आधी मारलेला. खाचेत उघडं धातू चमकत असेल आणि कडांवर बारीक कोर उभी असेल, तर नंतरचा. पण नंतरचा म्हणजे बनावट, असं लगेच ठरवू नये. टोकाला टोक लावलेले दोन बाण हे लष्कराने रायफल विकून टाकल्याचं चिन्ह आहे. ते नंतरच येणार. ‘बीएनपी’ हा बर्मिंगहॅमचा नागरी चाचणी-शिक्काही तसाच. आणि हा शिक्का १९५४ च्या नियमांनी आला, त्यामुळे १९१७ च्या रायफलीवर तो दिसला तर ती कधी बनली ते नाही, व्यापारात साधारण कधी आली ते कळतं.

तारीख काढायची म्हणजे कुठला आकडा कशाचा, हे आधी ठरवायला हवं. एसएमएलई या जुन्या, आखूड ली-एनफिल्डच्या बट सॉकेटवर (लाकडी दस्ता बसतो त्या धातूच्या खोबणीवर) राजमुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना आणि साल असतं. ते त्या बॉडीचं, म्हणजे रायफलीच्या मुख्य धातूच्या सांगाड्याचं, साल. नोज कॅप (नळीच्या टोकाकडची धातूची टोपी), मागची साइट (नेम धरायची खूण) आणि बोल्टचा दांडा यांचे क्रमांक वेगळे निघाले तर ते भाग नंतर बदललेले. माउझर ९८ के वर एस/४२ या कारखान्याच्या संकेताच्या पुढचा ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. गॅरँडच्या भागांवरच्या डी २८२८७ सारख्या क्रमांकाला मात्र साल समजू नये. तो आराखड्याचा क्रमांक, डॅशनंतरचा आकडा सुधारणेचा. महिना आणि साल बॅरलवर, म्हणजे नळीवर, असतं, ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागेपुढे करणारा दांडा) मागे ओढल्यावर दिसतं.

रशियन मोसिन-नागांत रायफलींच्या बाबतीत भिंगाआधी स्क्रूड्रायव्हर लागतो. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाच्या) शेपटीखालचं साल बॅरलवरच्या सालापेक्षा कितीतरी जुनं असू शकतं, पण लाकूड काढल्याशिवाय ते दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं घ्यावं. सैल पातं खाच उधडतं, आणि पुढे ती फाटलेली खाचच सगळ्यांच्या आधी नजरेत भरते.