केसपेपर छापून घ्यायचेत? आमच्या तालुक्यातल्या प्रेसचा अनुभव

आधीच सांगते, हा प्रेस मुळात लग्नपत्रिकांचा. काउंटरवर गणपतीचे नमुने, मागे ऑफसेट मशीनची धडधड आणि शाईच्या वासात बसलेले साठीचे मालक. नाव देत नाही, कारण त्यांनीच हात जोडले: "मॅडम, हायेत तेच कामं सरून नाई रायले, अजून लोकं कायले पाठवता?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या 30 खाटांच्या एका दवाखान्यात नर्स आहे. 14 वर्षं वॉर्डात काढली, गेली 3 वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. वॉर्डातल्या मावशींना वाटतं, सिस्टर आता बसून खातात. डिस्चार्ज झालेली प्रत्येक फाइल उघडायची, दाखल झाल्याच्या वेळेपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत वाचायची, जिथे वेळ नाही, सही नाही, डोस खोडून वर दुसरा लिहिलाय, तिथे चिठ्ठी लावून परत पाठवायची, हे माझं काम. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या लावून लावून मीच सगळ्यांची वैरी झाले. मग लक्षात आलं, निम्म्या चुका वॉर्डातल्या पोरींच्या नाहीतच, कागदाच्या आहेत. आमचा केसपेपर म्हणजे कुठल्यातरी शहरातल्या दवाखान्याच्या केसपेपरच्या झेरॉक्सची झेरॉक्स. आहाराच्या माहितीला अर्धं पान आणि विषबाधेला 'इतर' नावाची एक चौकट!

आमच्याकडे कपाशीवर फवारणी सुरू झाली की ती 'इतर'ची चौकट भरून वाहते. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा वॉर्डात होते. ऑर्गॅनोफॉस्फरसचा (हा कीटकनाशकांचा एक प्रकार) पेशंट आला की त्यावरचा उतारा, म्हणजे अॅट्रोपिन, द्यायचं, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट. छाती मोकळी होईपर्यंत हेच. आणि आमच्या छापील चार्टवर ओळी होत्या तासाला एक. पोरी वेळा हातावर लिहायच्या, पहाटे चार्टवर उतरवायच्या. त्यातली किती उतरायची, देव जाणे.

म्हणून नवा चार्ट मी हातानं आखला. वेळ, नाडी, बीपी, प्युपिल (डोळ्याची बाहुली), छाती, घाम, डोस, सही. मालकांनी तो दहा मिनिटं पाहिला आणि विचारलं, "लिवणारी बाई उभी रायते का बसते?" उभी, एका हातात पेशंटचं मनगट. त्यांनी ओळींची उंची वाढवली, छाती आणि घामाच्या खाली 'आहे / नाही' छापलं, नुसता गोल करायचा. हे मला 14 वर्षांत सुचलं नव्हतं. या एका प्रश्नासाठी मी त्यांचे उशीर माफ करते.

उशीर मात्र आहेच. आठ दिवस सांगितले, तेवीस लागले. लग्नसराईत किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जाऊच नका.

प्रूफ तर डोळ्यात तेल घालून तपासा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून डीटीपीचा पोरगा सगळं नव्यानं टाइप करतो. आमच्या संमतीपत्रावर त्यानं टाइप केलं, 'मला भूक देण्यास माझी संमती आहे.' भूल हो, भूल! भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी त्या पानाचा फोटो अजून मोबाइलमध्ये ठेवलाय.

दुसरी गंमत कीटकनाशकाच्या डब्याची. लेबलवर तिरपी चौकट असते, तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो. लाल सगळ्यात वाईट, मग पिवळा, निळा, हिरवा. नातेवाइकांना औषधाचं नाव आठवत नाही, पण "लाल निशाणीवालं होतं" हे आठवतं. म्हणून मी चार चौकटी काढून दिल्या. प्रूफवर चारही काळ्या. "एका शाईत पिवळा कुठून आणू?" मालक म्हणाले. शेवटी रंगांची नावंच छापली, समोर टिक करायला जागा.

सगळ्यात कामाची गोष्ट दिसायला अगदी साधी: प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना वर नाव, आयपी नंबर (दाखल पेशंटचा नंबर) आणि तारखेची पट्टी. टॅगमधून निसटलेलं पान कोणाचं, हे शोधण्यात माझ्या दुपारी गेल्या आहेत. फुले जनआरोग्य योजनेच्या क्लेमला क्वेरी आली की योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, नेमकं तेच पान मागतो. शिवाय डॉक्टरांसाठीच्या मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटनं कागद मागितले की 72 तासांत द्यावे लागतात आणि आंतररुग्णांची फाइल उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपावी लागते. एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची फाइल तर केस निकाली निघेपर्यंत. तिच्यासाठी त्यांनी लाल पुठ्ठा दिला, वेगळे पैसे न घेता.

बाकीचा पुठ्ठा हलका निघाला, पंचच्या भोकाशी पहिल्याच पावसाळ्यात फाटायला लागला. नंबरिंगचं मशीन अडकून 318 नंबरच्या दोन फाइली आल्या. रेकॉर्ड रूमच्या माणसाला यापेक्षा मोठी शिवी नाही. वाटण्याआधी गठ्ठा मोजला म्हणून सापडल्या. मालकांनी वाद न घालता एक बदलून दिली.

500 सेट घेतले, सेटला 26 रुपये पडले. नागपूरला 19 सांगत होते, पण 2000 सेटच्या खाली तयार नव्हते, आणि लिहिणारी बाई उभी असते का बसते, हे तिथे कोणी विचारलं नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढची ऑर्डर मी उन्हाळ्यात नाही, मृग लागल्यावर देणार आहे, म्हणजे लग्नं आटोपलेली असतील. पुठ्ठ्याचा नमुना आत्ताच भोक पाडून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.