ऑनलाइन दुकानाच्या विक्रीची मोजदाद : गूगल ॲनालिटिक्स 4 आठ महिने वापरल्यानंतर

सावंतवाडीहून आम्ही कोकम आगळ, आमसूल, कुळथाचे पीठ आणि मालवणी मसाला ऑनलाइन विकतो. दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवण्याच्या प्रणालीवर, आहे आणि गेल्या जूनमध्ये त्याला गूगल ॲनालिटिक्स 4 जोडले. संकेतस्थळावर ग्राहक कुठून येतात आणि काय करतात, याची नोंद ठेवणारे हे गूगलचे साधन. आमच्याएवढ्या दुकानाला त्याची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. मात्र जोडणी झाली की विक्रीचा हिशेब आपोआप जुळेल, असे मी गृहीत धरले आणि पहिले दोन महिने चुकीच्या आकड्यांवर जाहिरातीचा खर्च ठरवत राहिले.

एका आठवड्यात आमच्या ऑर्डरवहीत 41 ऑर्डर होत्या, तर अहवालात खरेदीच्या 67 नोंदी. दुकानातील एक प्लगइन (दुकानाला जोडलेला छोटा प्रोग्राम) आणि टॅग मॅनेजर (अशा नोंदी पाठवणारे गूगलचेच दुसरे साधन), दोघेही प्रत्येक खरेदी कळवत होते. एकाच ग्राहकाकडून तोच व्यवहार क्रमांक पुन्हा आला, तर ॲनालिटिक्स दुसरी नोंद मोजत नाही. पण एकीकडून ‘1187’ आणि दुसरीकडून ‘#1187’ असा क्रमांक जात असल्याने त्याच्या लेखी ते दोन वेगळे व्यवहार होते. नोंदी येताच दाखवणारे ॲनालिटिक्समधील डीबगव्ह्यू हे पान उघडून मी स्वतःच आगळाची एक बाटली मागवली, तेव्हा त्या दोन नोंदी एकीखाली एक दिसल्या. प्लगइनमधील खरेदी कळवण्याची सोय त्याच दिवशी बंद केली.

त्यानंतर आकडा उलट कमी पडू लागला. यूपीआयने पैसे देणारा ग्राहक मोबाइलवरील दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पैसे पोहोचल्याचे पाहतो आणि अनेकदा आमच्या ‘धन्यवाद’ पानावर परतत नाही. आमची खरेदीची नोंद मात्र त्या पानावरच होत असे. आता पैसे जमा झाल्याची सूचना आमच्या सर्व्हरला मिळाली, की तेथूनच मेझरमेंट प्रोटोकॉलद्वारे, म्हणजे सर्व्हरवरून थेट ॲनालिटिक्सला नोंद पाठवण्याच्या पद्धतीने, नोंद जाते. ग्राहकाच्या ब्राउझरची ओळख त्या नोंदीबरोबर पाठवावी लागते, नाहीतर तो कोणत्या जाहिरातीवरून आला हा धागाच तुटतो. हे काम जाणकाराकडून करून घेतले आणि त्यावर झालेला खर्च मला योग्य वाटतो.

ज्यासाठी हे साधन ठेवावे, ते मला फनेल अहवालात, म्हणजे खरेदीच्या कोणत्या पायरीवर किती ग्राहक गळतात हे दाखवणाऱ्या अहवालात, सापडले. वस्तू पाहणे, पिशवीत टाकणे, चेकआउट सुरू करणे आणि खरेदी या चार पायऱ्या मांडल्यावर दिसले, की मसाला घेणारे बहुतेक जण शेवटपर्यंत जातात, पण आगळ घेणारे चेकआउटवर थबकतात. एक लिटरची बाटली जड, कुरिअरचा दर वजनावर, आणि तो खर्च आम्ही शेवटच्या पानावर प्रथमच सांगत होतो. पिनकोड टाकून कुरिअर खर्च पाहण्याची सोय वस्तूच्या पानावरच दिली आणि दोन बाटल्यांचा संच ठेवला, तेव्हा ती गळती स्पष्टपणे कमी झाली. ग्राहकांना किंमत जास्त वाटते, अशी वर्षभर आमची समजूत होती आणि त्यापायी आम्ही दोनदा भाव उतरवले होते, याचे आजही वाईट वाटते.

व्हॉट्सॲपच्या यादीवर पाठवलेल्या दुव्यांना यूटीएम (ग्राहक कुठून आला हे सांगणारी दुव्यामागची खूण) जोडले नाही, तर तेथून आलेली विक्री बहुतांशी ‘डायरेक्ट’, म्हणजे स्रोत न कळलेल्या, खात्यात जाते, हेही ध्यानात ठेवावे.

एक नुकसान भरून निघाले नाही. फनेलसारख्या सविस्तर अहवालांची माहिती मूळ मांडणीत 2 महिनेच राहते. सेटिंगमध्ये जाऊन ती मुदत 14 महिने करता येते. मी ते नोव्हेंबरअखेर पाहिले, तोवर गणपतीच्या दिवसांचा तपशील गेला होता आणि दिवाळीशी त्याची तुलना करता आली नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी भारतीय वेळ आणि रुपया निवडतानाच ही मुदतही बदलून घ्यावी.

कॅश ऑन डिलिव्हरीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ऑर्डर येताच विक्री नोंदली जाते, पण पार्सल न स्वीकारता परत आले, तर रिफंडची नोंद आपण पाठवेपर्यंत ती रक्कम अहवालात तशीच राहते. म्हणून दर सोमवारी मी ऑर्डरवही, बँकेतील जमा आणि कुरिअरची परतीची यादी समोर ठेवून आकडे ताडून पाहते. परत आलेल्या पार्सलची नोंद आपोआप जावी, यासाठी काम सुरू आहे. हापूसच्या पेट्यांची नोंदणी उघडण्याआधी ते व्हावे, अशी माझी धडपड आहे, कारण परत आलेली आंब्याची पेटी पुन्हा विकता येत नाही.