28 इंची आइस रॉड आणि त्याचं रीळ: एक हिवाळा मिनेसोटात, बाकीचे महिने पुण्यात

रॉड उत्तम, रीळ भंगार. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

गेल्या महिन्यात रिळावरच्या दोरा गुंडाळणाऱ्या तारेची स्प्रिंग तुटली, म्हणून हे लिहायला बसलोय. हा सेट घेतला तो अमेरिकेतल्या मिनेसोटात प्रोजेक्टवर असताना. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचा 28 इंची अल्ट्रालाइट रॉड, वर छोटं स्पिनिंग रीळ, किंमत तीस डॉलर. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यानंतर त्यांची फुकट जाहिरात माझ्या हातून तरी होणार नाही.

बाकी सामानावर मी फारसा खर्च केला नाही आणि नवख्यानं करूही नये. भोक पाडायचं सहा इंची गिरमिट शेजाऱ्याचं, बसायला रंगाची रिकामी बादली उपडी घालून. तंबूबिंबू काही नाही. फक्त गळ्यात अडकवायचे टोकदार खिळे मात्र घासाघीस न करता नवे घेतले. बर्फ फुटून पाण्यात पडलो, तर ते कडेच्या बर्फात रोवूनच वर यायचं असतं. चालायला किमान 4 इंच जाडीचा स्वच्छ, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरट, भुसभुशीत बर्फाला तेवढी ताकद नसते, तिथे दुप्पट जाडी धरायची. लायसन्स काढावंच लागतं. आपल्यासारख्या बाहेरच्यांना ते महाग पडतं, पण तिथे हिवाळ्यात एकाला दोन गळ टाकता येतात, एवढंच समाधान.

आता पीळ. या सेटबद्दल इतर कुणी यावर अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो. स्पिनिंग रिळाचं भेंडोळं जागचं हलत नाही, बाहेरची तार त्याच्याभोवती फिरत दोरा गुंडाळते. फेऱ्यागणिक दोऱ्याला पीळ बसतो. मासा ओढत असताना ड्रॅग (ताण वाढला की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) सुटतोय आणि आपण हँडल फिरवतोच आहोत, असं झालं की पीळ आणखी वाढतो. त्यात या रिळाचा घेर एवढासा, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत नायलॉनचा दोरा वेटोळी धरूनच बाहेर येतो. काठावरून लांब फेकताना हे खपून जातं. भोकातून सरळ खाली सोडलेला चिमूटभर वजनाचा गळ मात्र भोवऱ्यासारखा गरगरत राहतो.

आणि खालचे मासे आधीच मरगळलेले असतात. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड, म्हणून वर बर्फ असला तरी तळाशी साधारण तेवढंच तापमान राहतं. मासा जगतो, पण आमिषामागे धावायचा उत्साह त्याच्यात नसतो. ब्लूगिल आणि क्रॅपी हे तिथले मासे जवळ येतात, गरगरणारी अळी बघतात आणि निघून जातात. शेजारच्या भोकावरचा म्हातारा शांतपणे एकामागून एक मासा काढत असायचा. त्याच्याकडे इनलाइन रील होतं. त्यात भेंडोळंच फिरतं, त्यामुळे पीळ बसत नाही.

म्हणून तेही घ्यायचं माझ्या मनात होतं. दुकानात किंमत बघितली आणि घेतली एक बारीक स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी. गळाच्या वर हातभर अंतरावर बांधली. बारा आणे काम झालं. वेणीचा दोरा घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो पाणी धरतो आणि रॉडच्या कड्यांमध्ये गोठून बसतो.

त्यानंतर माझं मत सुधारतच होतं, तेवढ्यात रिळातलं ग्रीस थंडीनं घट्ट झालं. हँडल फिरवताना दळण दळल्यासारखं वाटायला लागलं. खोलून ग्रीस पुसलं, शिलाई मशिनचं तेल सोडलं. हे काम कंपनीनं करायचं की गिऱ्हाइकानं?

पुण्यात आल्यावर रॉड माळ्यावरच जायचा, पण भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून चिलापीसाठी वापरून बघितला. होडीवाले नाना म्हणाले, ‘‘साहेब, पोराची काठी उचलून आणली का?’’ पण होडीतून सरळ खाली सोडायला हाच रॉड पाहिजे! त्याचं टोक इतकं मऊ की चिलापीनं गांडुळाला नुसतं तोंड लावलं तरी कळतं. माझा सहा फुटी रॉड अशा वेळी ढिम्म असतो. दुपारनंतर नानांनीच तो मागून घेतला आणि परत द्यायला बराच वेळ लावला. कटल्यासारखा मोठा मासा लागला तर दोरा गेलाच म्हणून समजा. पानशेतसारख्या ठिकाणी काठावरून फेकायला हा रॉड साफ निरुपयोगी. परवान्याचं काय ते मात्र कुठेही जायच्या आधी स्थानिक मच्छीमारांना विचारा.

रिळाची स्प्रिंग तुटली ती भिगवणलाच. कंपनीचं उत्तर: वॉरंटी फक्त अमेरिकेत, रीळ स्वखर्चानं पाठवा. पाठवणीचा खर्च रिळाच्या किमतीहून जास्त! बोहरी आळीत एका दुकानदारानं डब्यातल्या स्प्रिंगा उपसून तशीच एक काढली, वीस रुपये घेतले आणि टोक वाकवूनही दिलं. अजून टिकून आहे.

रॉड सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या, त्यावर रीळ दुसरं बसवा. परवा कंपनीचा मेल आला, आमच्या सेवेबद्दल मत नोंदवा म्हणून. पाचपैकी एक तारा दिला, तोही रॉडच्या टोकासाठी.