फॉरमॅट न मारता एक्सपी चालू करून देणारं दुकान

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला माझ्याकडून पाचपैकी चार.

अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. व्हीएमसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला, प्रोग्रॅम पाठवणारा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवरच आहे. त्यातलं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही आणि सीडी केव्हाच गहाळ झाली. मागच्या महिन्यात ऑफिसमधून फाइल यायची बंद झाली. आधी बोलावलेल्या एका माणसाने कमांड टाइप करायची काळी स्क्रीन उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड. अशी कमांडच ओळखत नाही असं उत्तर आलं, 'इज नॉट रेकग्नाइज्ड अॅज अॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड'. "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल," म्हणाला आणि व्हिजिटचे तीनशे घेऊन गेला.

या दुकानातल्या पोराने तीच काळी स्क्रीन उघडली, पण आधी विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये शिरला आणि मग आयपीकॉन्फिग दिलं. चाललं की! "दादा, कमांड जागेवरच आहे. ती कुठे शोधायची ते सांगणारा पाथ कोणीतरी उडवलाय." तेव्हा मला आठवलं, दिवाळीच्या साफसफाईत मीच एक जुनं सॉफ्टवेअर काढलं होतं, त्यातच तो उडाला असणार. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, तिथे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, त्यात सिस्टिम३२ परत लिहिलं. काळी स्क्रीन बंद करून नव्याने उघडावी लागते, नाहीतर जुनाच पाथ धरून बसते, हे मला माहीत नव्हतं.

फाइल तरी येईनाच. नेटवर्कचा पत्ता (आयपी) दिसत होता १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच लावून घेतलाय. १२७.०.०.१ ला, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःलाच, पिंग (उत्तर येतं का ते बघणारी हाक) दिलं तर चारही उत्तरं आली, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलं ठीक. मग तो उठून वायरच्या मागे लागला. नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या स्विचपासून राउटरकडे जाणारी केबल पत्र्याच्या कपाटामागे उंदराने कुरतडली होती. कॉम्प्युटर ते स्विच वायर धड, त्यामुळे स्क्रीनवर 'कनेक्टेड' दिसायचं!

केबल बदलल्यावर त्याने फिक्स आयपी दिला आणि गेटवेची, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायच्या वाटेची, जागा मुद्दाम रिकामी ठेवली. एक्सपीचे नेहमीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, त्यामुळे हा कॉम्प्युटर ऑफिसशी बोलू दे, इंटरनेटवर नको, हे त्याचं म्हणणं. पटलं.

केबल धरून साडेसहाशे घेतले. एक मार्क कापला तो वेळेचा. साडेदहा सांगून दीड वाजता आला, मधे फोन उचलला नाही आणि तोवर व्हीएमसीवर जॉब (कापायचा तुकडा) बांधून ऑपरेटर नुसता बसून होता.